बिननावाची चाल

फ्रेडरिक वेदरली हा इंग्लंडातल्या बाथ शहरातला वकील. दिवसा कोर्टात उलटतपासण्या घ्यायच्या आणि फावल्या वेळात गाणी पाडायची, हा त्याचा कित्येक वर्षांचा शिरस्ता. ‘पाडायची’ म्हणण्यात त्याचा अपमान नाही. सुमारे तीन हजार गाणी लिहून त्यातली निम्मी छापून आणणाऱ्या माणसाला दुसरं क्रियापद लावणं अवघड आहे. ‘द होली सिटी’ त्याचं. पुढे पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या तोंडी बसलेलं ‘रोझेस ऑफ पिकार्डी’ हेही त्याचंच. मार्च १९१० मध्ये त्याने ‘डॅनी बॉय’ नावाचं एक गाणं लिहिलं, पुढच्या वर्षी त्यावरून पुन्हा हात फिरवला, आणि मग ते बाकीच्या ढिगात पडून राहिलं.

१९१२ मध्ये अमेरिकेहून टपाल आलं. पाठवणारी होती मार्गारेट वेदरली, फ्रेडरिकच्या भावाची बायको. माहेरची आयरिश, नवऱ्याच्या मागून कोलोरॅडोतल्या ऊरे या डोंगराळ गावात जाऊन पडलेली. गाव सोन्याचांदीच्या खाणींचं. तिने दिराला एक चाल पाठवली होती. दिराने ती पाहिली आणि त्याच्या लक्षात आलं, की दोन वर्षं पडून असलेल्या गाण्याचे शब्द थोडेसे इकडेतिकडे केले तर या चालीत चपखल बसतात. १९१३ मध्ये लंडनच्या बूझी कंपनीने ते छापलं. आज जगात कुठेही ‘आयरिश गाणं म्हणा’ असं म्हटलं, तर दहातले आठ जण हेच म्हणतील. शब्द एका इंग्रज वकिलाचे, चाल अमेरिकेहून आलेली.

वेदरलीने आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय, की टपाल येईपर्यंत ही चाल त्याने कधी ऐकली नव्हती, तिचं नावही त्याच्या कानावर आलं नव्हतं. मला हे पचायला जरा जड जातं. ही चाल तोवर सत्तावन्न वर्षं छापील स्वरूपात होती. आल्फ्रेड पर्सिव्हल ग्रेव्हज या आयरिश कवीने तिच्यावर एक सोडून दोन गीतं रचली होती. त्यातलं एक १८८२ च्या ‘साँग्ज ऑफ ओल्ड आयर्लंड’ या संग्रहात चार्ल्स व्हिलियर्स स्टॅनफर्ड या नामांकित संगीतकाराच्या साथीने आलं होतं, आणि तो संग्रह काढणारी कंपनी हीच, बूझी. ऑस्ट्रेलियन संगीतकार पर्सी ग्रेंजर १९०२ पासून या चालीचे निरनिराळे बांध करत होता. गाण्यांच्याच धंद्यात चाळीस वर्षं मुरलेल्या माणसाच्या कानावरून हे सगळं निसटावं? निसटलंही असेल. कोर्टाचं काम असतंच.

‘डॅनी बॉय’ तयार झाल्यावर वेदरलीने सभ्यपणे ग्रेव्हजला पत्र लिहून कळवलं. ग्रेव्हजला ते रुचलं नाही. आयर्लंडचा कवी टॉमस मूर याच्या गाजलेल्या गीतांवरही तुम्ही नवे शब्द चढवायला मोकळे आहात, पण तुम्ही तसं करणार नाही असं मी धरून चालतो, अशा अर्थाचं तिरकस उत्तर त्याने धाडलं. राग समजण्यासारखा होता, हक्क मात्र त्याचाही नव्हता. ती चाल त्याने घेतली होती एका पुस्तकातून, आणि पुस्तकात ती आली होती तीही टपालानेच.

ते पुस्तक म्हणजे जॉर्ज पेट्रीचा आयर्लंडच्या प्राचीन संगीताचा संग्रह, डब्लिन, १८५५. पेट्री मुळात चित्रकार. जुनी चर्चं, गोल मनोरे, हस्तलिखितं यांच्या नादाला लागून तो आयर्लंडमधला पहिल्या फळीचा पुराणवस्तुतज्ज्ञ झाला. १८३० च्या दशकात सरकारी नकाशे तयार होत होते, तेव्हा गावांची नावं आणि स्थानिक इतिहास गोळा करणाऱ्या खात्याचा तो प्रमुख होता. जिथे जाईल तिथे चाली टिपून घ्यायची त्याला तरुणपणापासून सवय. पण त्या छापायची घाई झाली ती दुष्काळामुळे. १८४५ साली बटाट्यावर रोग पडला आणि पुढच्या सहा-सात वर्षांत सुमारे दहा लाख माणसं उपासमारीने आणि तापाने मेली, जवळपास तितकीच बोटीत बसून निघून गेली. मेली आणि गेली ती मुख्यतः खेड्यातली गरीब, आयरिश बोलणारी माणसं. चालीही त्यांच्याच तोंडी होत्या. शेतावरून, रस्त्यावरून कानी पडणारं गाणं एकाएकी बंद झाल्याचं पेट्रीने प्रस्तावनेत नोंदवलं आहे. १८५१ मध्ये त्याच्या अध्यक्षतेखाली आयरिश चालींचं जतन आणि प्रकाशन करणारी संस्था निघाली आणि देशभरातल्या हौशी लोकांनी आपापल्या वह्या तिच्याकडे धाडल्या.

उत्तरेकडच्या लिमावडी गावाहून अशी वही पाठवणारी होती मिस जेन रॉस. जन्म १८१०, लग्न केलेलं नाही, मुख्य रस्त्यावर घर. आजूबाजूच्या परगण्यातल्या चाली ती ऐकून उतरवून घ्यायची. तिने पाठवलेल्यांपैकी एक चाल पेट्रीला फार आवडली. पुस्तकात तिच्यावर टीप लिहिताना त्याने मिस रॉसचे आभार मानले, आणि या चालीचं नाव तिला कळू शकलं नाही, फक्त ‘फार जुनी’ एवढाच शेरा तिने सोबत दिलाय, असंही लिहिलं. पुढे आपल्या पदरची पुस्ती जोडली, की चाल जुनी आहे याबद्दल माझ्याही मनात शंका नाही.

इथेच सगळा घोळ आहे. शिलालेखाचं एकेक अक्षर तपासून घेणाऱ्या या माणसाने चाल कोणाकडून ऐकली, कधी ऐकली, वाजवणारा कोण, गाणारा असेल तर शब्द काय, हे काही विचारलं नाही. किंवा विचारलं आणि छापलं नाही. नाव नाही, शब्द नाहीत, वादक नाही. नंतर शेकडो संग्राहक आयर्लंडभर हिंडले. एकट्या पेट्रीच्या कागदपत्रांतून स्टॅनफर्डने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला १५८२ चाली छापल्या. पण ही चाल, या रूपात, जेन रॉसखेरीज कोणालाही मिळाली नाही. ज्यांना ज्यांना मिळाली त्यांना पेट्रीच्या पुस्तकातूनच.

मग संशय येणारच. चाल समोर घेऊन बसलं की तो वाढतो. आपल्या भाषेत सांगायचं तर सगळे स्वर शुद्ध. उठाण मंद्र निषादावरून: नि, सा, रे करत गंधारावर येऊन टेकते, मग धैवताला हात लावून ओळ खाली उतरते ती पार मंद्र धैवतापर्यंत. अस्ताई अशी मधल्या पट्टीत, बोलल्यासारखी. अंतऱ्यात पंचमावरून चढ सुरू होतो, दोनदा तार षड्ज गाठून माघारी येतो आणि तिसऱ्या वेळी एकदम उडी घेऊन तार गंधार. ही उडी म्हणजेच हे गाणं. तिच्यासाठी लोक श्वास राखून ठेवतात, आणि घरगुती समारंभात निम्मे गाणारे इथेच आपटतात. पसारा दीड सप्तकाचा. खेड्यातल्या गाणाऱ्याला इतका गळा लागणारी चाल लोकगीताची कशी, असा प्रश्न संगीताच्या अभ्यासकांनी विचारला. शिवाय ओळींची लांबी आयरिश गीतांच्या ठरलेल्या छंदांत बसेना. तेव्हा जेन रॉसने स्वतःच पियानोपाशी बसून ही रचली आणि ‘फार जुनी’ म्हणून खपवली, असा तर्क निघाला.

मला तो पटत नाही. छापून आल्यावर ती चोवीस वर्षं जगली, १८७९ मध्ये वारली. चाल आपली म्हणून तिने कुठे मिरवलं नाही आणि तिला त्यातून पैही मिळाली नाही. कीर्ती नको, पैसा नको, मग एवढा खोटेपणा कशासाठी? आणि एकच रचना करून थांबणारी इतकी कसलेली रचनाकार असते कुठे?

१९३४ साली ॲन गिलख्रिस्ट या इंग्रज अभ्यासक बाईंनी वेगळी वाट काढली. त्यांचं म्हणणं असं, की वादकाने चाल तीन मात्रांच्या तालात वाजवली असणार, पण स्वर लांबवत, मात्रा ओढत, मनाला येईल तिथे रेंगाळत. जेनने ते ऐकता ऐकता कागदावर उतरवताना चार मात्रांत बांधलं. चारांतली एक मात्रा काढून चाल पुन्हा तिनांत बसवली, की तिची आयरिश भावंडं ओळखू यायला लागतात. हे खरं धरलं तर जगाने डोक्यावर घेतलेली ही चाल एका उतरवून घेणारीच्या कानाची करामत ठरते. जी संथ, भारदस्त चालण्याची ढब आपल्याला ‘प्राचीन’ वाटते, तीच बहुधा सगळ्यात नवी.

भावंडं तर ओळखू येऊ लागली, पण आई? तिचा माग लागायला आणखी चाळीस वर्षं गेली. १९७४ मध्ये ह्यू शील्ड्स यांनी एका जुन्या चालीकडे बोट दाखवलं. आयरिशमधलं तिचं नाव ‘अशलिंग ॲन ओगिर’, म्हणजे तरुणाचं स्वप्न. ती छापली होती एडवर्ड बंटिंगने, १७९६ मध्ये. पुढे ब्रायन ऑडली यांनी २००० साली लंडनच्या संगीत-नियतकालिकात हा धागा आणखी घट्ट केला. दोन्ही चाली हुबेहूब नाहीत, साम्य शोधावं लागतं. पण बंटिंगला ती जुनी चाल ऐकवणारा माणूस राहायचा मॅगिलिगन इथे, लिमावडीहून जेमतेम पंधरा किलोमीटरवर, आणि हा योगायोग सहजासहजी उडवून लावता येत नाही.

त्या माणसाशी जरा थांबायला हवं. डेनिस हेम्प्सन. तिसऱ्या वर्षी देवीत डोळे गेले. अंध मुलाला पोटापाण्याला लावायचं तर हार्प शिकवायची, ही त्या काळची आयर्लंडमधली रीत. त्यामुळे जुन्या हार्पवादकांत अंधांचा भरणा मोठा. शिकून झाल्यावर आयर्लंड आणि स्कॉटलंडमधल्या सरदारांच्या दारी हिंडत त्याने वर्षं काढली. १७४५ मध्ये बंडखोर राजपुत्र चार्ल्स स्ट्यूअर्टपुढे एडिंबरात तो वाजवून आला. जुलै १७९२ मध्ये बेलफास्टला हार्पवादकांचा मेळा भरला. उरलेसुरले दहा आयरिश वादक आले, आणि एकोणीस वर्षांच्या बंटिंगला पुढ्यात बसवून त्यांचं वादन टिपून घ्यायला सांगण्यात आलं. त्या मेळ्यात पितळी तारा लांब वाढवलेल्या नखांनी छेडणारा हेम्प्सन एकटाच. बाकीचे बोटांच्या पेरांनी वाजवत. क्रांतिकारक वुल्फ टोन श्रोत्यांत होता, त्याने रोजनिशीत कंटाळल्याचा शेरा मारून ठेवलाय. बंटिंगचं मात्र आयुष्यच त्या चार दिवसांनी फिरलं. पुढची पन्नास वर्षं तो हेच करत राहिला.

हेम्प्सनने बंटिंगला सहज दाद दिली नाही. जुन्या चीजा बाहेर काढायला तो नाखूश असे. बंटिंग मग मॅगिलिगनला त्याच्या घरी जाऊन बसला. हे घर बांधायला त्याला डेरीच्या बिशपने, म्हणजे ब्रिस्टलच्या अर्लने मदत केली होती, आणि गृहप्रवेशाला अर्लसाहेब सहकुटुंब आले होते. वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी म्हाताऱ्याने लग्न केलं, एक मुलगी झाली. डोक्याच्या मागच्या बाजूला एवढी मोठी गाठ होती, की लोक त्याला दोन डोक्यांचा माणूस म्हणत. १८०५ मध्ये स्थानिक धर्मगुरू जॉर्ज सॅम्पसन भेटायला गेला तेव्हा म्हातारा अंथरुणात होता, आणि हार्प त्याच्याशेजारी पांघरुणाखाली. ती हार्प १७०२ साली बनवलेली. १८०७ मध्ये तो गेला तेव्हा वय एकशे बारा असल्याचं लोक सांगत. ती हार्प आज डब्लिनमध्ये, गिनेस बिअरच्या जुन्या कारखान्यात काचेमागे ठेवलेली आहे.

हेम्प्सनपासून जेन रॉसपर्यंत मधे साधारण पन्नास वर्षं. एवढ्या काळात चाल हार्पवरून फिडलवर उतरली असेल, वाटेत बदलली असेल. लिमावडीत सांगतात, की बाजाराच्या दिवशी जेनच्या घरासमोर जिमी मकरी नावाचा अंध फिडलवाला वाजवत बसला होता. बाईंनी ही चाल ऐकली, त्याला पुन्हा पुन्हा वाजवायला लावली आणि उतरवून घेतली. त्याच गावात आणखी एक गोष्ट सांगतात, ती सतराव्या शतकातल्या रोरी डॉलची. ओ’काहन घराण्याचा हा अंध हार्पवादक रो नदीच्या काठी झोपला, आणि जाग आली तर पऱ्या त्याचीच हार्प छेडत होत्या. चाल त्यांची. दोन्ही गोष्टींना कागदाचा पुरावा नाही. पण पहिलीत जिमीचं वय जुळतं, जागा जुळते, आणि पेट्रीने न विचारलेल्या प्रश्नाला निदान उत्तर तरी मिळतं. मी जिमीच्या बाजूचा आहे. पऱ्यांची तार गंधारापर्यंत पोच असावी, यात मात्र नवल नाही.

नाव नसलेल्या चालीला नाव चिकटलं ते १८९४ मध्ये. कॅथरीन टायनन हिंक्सन या कवयित्रीचं सफरचंदाच्या मोहोरावरचं गीत तिच्यावर बसवलं गेलं आणि ‘लंडनडेरी एअर’ हा मथळा रूढ झाला. लंडनडेरी म्हणजे जेन रॉसची कौंटी. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर आयर्लंडात इंग्रज-स्कॉच वस्ती घालताना लंडनच्या व्यापारी मंडळ्यांच्या हाती हा मुलूख दिला गेला आणि १६१३ मध्ये डेरीच्या आधी लंडन येऊन बसलं. आजही तिथे कोण डेरी म्हणतं आणि कोण लंडनडेरी, यावरून माणसाचा धर्म आणि राजकारण ताडता येतं. ग्रेंजरने आपल्या रचनेच्या नावात नुसतं ‘कौंटी डेरी’ ठेवलं, तेव्हा चालीला दोन नावं झाली आणि दोन्ही भांडणाची.

वेदरलीने हा तिढा नकळत सोडवला. त्याच्या शब्दांत आयर्लंडातलं एकही गाव नाही, नदी नाही, डोंगराचं नाव नाही, कोणता झेंडा नाही. कोणी तरी चाललाय, कोणी तरी मागे राहिलंय, ऋतू पालटतोय, परत येशील तेव्हा मी कदाचित मातीखाली असेन, एवढंच. तो कशासाठी जातोय, बोलणारी आई की बाप की प्रेयसी, काही कळत नाही. १९१४ ला युद्ध पेटलं आणि लोकांनी त्यात आघाडीवर जाणारा मुलगा वाचला. एल्सी ग्रिफिन या इंग्रज गायिकेने फ्रान्समध्ये सैनिकांपुढे ते गायलं. १९१५ मध्ये अर्नेस्टिन शूमान-हाइंक या ऑपेरा गायिकेने त्याची ध्वनिमुद्रिका काढली. अमेरिकेतल्या आयरिशांनी त्यात बोटीत बसणारा मुलगा वाचला, आणि गाणं त्यांचंच होऊन बसलं. तिथल्या कॅथलिक अंत्यविधींत त्याची इतकी मागणी वाढली, की हे भजन नव्हे म्हणून चर्चच्या काही अधिकाऱ्यांना ते थांबवावं लागलं. २००८ मध्ये मॅनहॅटनमधल्या एका पबमालकाने आयरिशांचा सेंट पॅट्रिक दिन येतो त्या अख्ख्या मार्च महिन्यात आपल्याकडे हे गाणं बंद ठेवलं. कारण दिलं, की फार रडकं आहे.

मार्गारेटचं नाव मुखपृष्ठावर कुठेच आलं नाही. जेन रॉसला निदान पेट्रीच्या टिपेत एक ओळ मिळाली. कोलोरॅडोतल्या या बाईच्या वाट्याला दिराच्या आठवणींत ‘अमेरिकेतली एक भावजय’ एवढा उल्लेख आला, तोही बिननावाचाच. त्या काळी गीतकाराला आणि प्रकाशकाला पैसे मिळत, चाल पोचवणाऱ्याला नाही, हे खरंच. तरीही कायद्याची भाषा वर्षानुवर्षं बोललेल्या वकिलाकडून नावाची तरी अपेक्षा ठेवायला हरकत नव्हती.

छापील प्रतीवर एक गमतीची सूचना पुढे आली होती. पुरुष गाणार असेल तर त्याने शब्द बदलून ‘आयली डिअर’ म्हणावं, ‘डॅनी बॉय’ फक्त स्त्रियांनी गावं. बिंग क्रॉस्बी, हॅरी बेलाफाँटे, एल्विस प्रेस्ली, जॉनी कॅश, कोणीही ही सूचना मनावर घेतली नाही.

पॅट मॅकगिगननेही नाही. पॅट हा आयर्लंडचा व्यावसायिक गायक, १९६८ च्या युरोव्हिजन स्पर्धेत देशातर्फे गाऊन चौथा आलेला. त्याचा मुलगा बॅरी मुष्टियोद्धा. उत्तर आयर्लंडच्या सरहद्दीलगतच्या क्लोन्स गावचा, कॅथलिक, बायको प्रोटेस्टंट. १९८० च्या दशकात बेलफास्टमध्ये बॉम्ब फुटत होते आणि बॅरीच्या लढतींना कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अशी दोन्ही बाजूंची माणसं एका छपराखाली येऊन बसत. लढतीआधी राष्ट्रगीत वाजवायचं तर कोणाचं? डब्लिनचं लावलं तर अर्धे उठून जाणार, लंडनचं लावलं तर उरलेले अर्धे. म्हणून बाप रिंगणात चढायचा आणि मुलासाठी ‘डॅनी बॉय’ म्हणायचा, आणि सगळेच उभे राहून त्याच्याबरोबर गायचे. ८ जून १९८५ ला लंडनच्या लॉफ्टस रोड मैदानावर पंचवीस हजारांहून जास्त लोकांपुढे पॅटने ते पुन्हा म्हटलं. मग पनामाच्या युसेबियो पेड्रोझाला पंधरा फेऱ्यांत गुणांवर हरवून बॅरी फेदरवेटचा जगज्जेता झाला.